अखंड घडाची वाइन : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात फ्रान्समधल्या बोजोले भागावर लेख होता. लिऑन शहराच्या उत्तरेला ग्रॅनाइटच्या टेकड्या, त्यांवर गामे या काळ्या द्राक्षाच्या जुन्या बुटक्या वेली, आणि घड न फोडता अख्खेच टाकीत भरून केलेली लाल वाइन, असा त्याचा विषय. त्यावर बरीच पत्रं आली. ज्यांना सविस्तर उत्तर द्यायला हवं ती आधी घेतली आहेत.

प्रश्न : लेखात ‘ग्रॅनाइटची चव’ असे शब्द होते. आमच्याकडे काळी माती आणि खाली बेसॉल्टचा मुरूम. दगडाची चव खरोखर वाइनमध्ये उतरते का? — एक बागायतदार, दिंडोरी

नाही उतरत. ते शब्द सैल पडले, आमची चूक. मुळं दगड खात नाहीत. ती पाण्यात विरघळलेले क्षार घेतात, आणि वाइनमध्ये ते इतके थोडे असतात की त्यांतून दगड ओळखता येत नाही. दगड करतो ते पाण्याचं काम.

फ्लरी आणि शिरूब्ल या गावांच्या उतारांवर गुलाबी ग्रॅनाइट झिजून, कुजून भुसभुशीत झालेला आहे. तिथले लोक त्याला ‘गोर’ म्हणतात. आपण सरळ मुरूमच म्हणू. मूठभर उचलला तर पांढरट क्वार्ट्झचे खडे, गुलाबी फेल्डस्पार आणि मधूनच चकाकणारा अभ्रक दिसतो. ओला करून दाबा, मूठ उघडा, ढेकूळ टिकत नाही, बोटांमधून गळून जातो. तुमच्या काळ्या मातीचा त्याच मुठीत लाडू वळेल. सगळा फरक इथे आहे. चिकणमाती कमी म्हणून पाणी थांबत नाही, खतही थांबत नाही. मणी रंग धरायच्या सुमारास शेंडावाढ आपोआप मंदावते, मणी लहान राहतो, सालीचं प्रमाण वाढतं. काळ्या जमिनीत पाणी मुरून राहतं, शेंडा धावत राहतो आणि मणी फुगतो.

तेव्हा ग्रॅनाइट शोधत फिरू नका. महाराष्ट्रात तो नांदेडच्या देगलूर-बिलोली पट्ट्यात आणि पूर्व विदर्भात आहे, पण तिथल्या उन्हाळ्याचं काय करणार? तुमच्याच गटातला उताराचा, दीड-दोन फुटांवर मुरूम लागणारा तुकडा निवडा आणि ठिबकचं पाणी हात राखून द्या. परिणाम त्याच दिशेने जाईल. ग्रॅनाइट-नीसच्या जमिनीवरची वाइन द्राक्षं पाहायचीच असतील, तर बंगळुरूजवळच्या नंदी टेकड्यांचा पायथा जवळ पडेल.

आणखी एक फरक. तिकडची माती आम्ल, सामू (पीएच) साधारण 5 ते 6. त्यामुळे बुरशीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणातलं (मोरचूद आणि चुना) तांबं वर्षानुवर्षं साचलं की आम्ल मातीत ते मुळांना बाधतं, आणि नवीन रोप आधी खुरटतं. म्हणून तिकडे अधूनमधून चुना टाकून सामू वर आणतात. आपली जमीन 7.5 ते 8.5 च्या घरात, आपल्याला उलटा त्रास: चुनखडीमुळे लोह मिळत नाही आणि शेंड्याची पानं पिवळी पडतात. बोजोलेत जुन्या बागांना ‘व्हियाला’ नावाचा खुंट (ज्यावर कलम बांधतात ते मुळाचं रोप) खूप वापरला गेला, कारण आम्ल ग्रॅनाइटवर तो उत्तम चालतो. तो चुनखडीत तग धरत नाही. वाचून कुणी मागवायच्या विचारात असेल तर थांबा.

प्रश्न : आमची बाग पंधरा-अठरा वर्षांत उत्पन्नाला परवडेनाशी होते आणि आम्ही ती काढतो. तिकडे ऐंशी वर्षांच्या वेली कशा टिकतात? आणि ‘जुनी वेल’ कशाला म्हणायचं याचा काही नियम आहे का? — एक वाचक, पलूस, जि. सांगली

फ्रान्सच्या कायद्यात नियम नाही. बाटलीवर ‘जुन्या वेली’ असं छापायला तिथे वयाची अट नाही, त्यामुळे एकाची जुनी तीस वर्षांची तर दुसऱ्याची नव्वदची. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेने 2024 मध्ये व्याख्या केली: वेल 35 वर्षांची किंवा त्याहून जुनी, आणि बागेतल्या किमान 85 टक्के वेली तशा असतील तर बाग जुनी. ती शिफारस आहे, सक्ती नाही.

टिकण्याचं पहिलं कारण हवामान. बोजोलेत वेल नोव्हेंबर ते मार्च झोपते. पानं गळतात, अन्नसाठा खोडात आणि मुळांत जातो. आपल्याकडे वेलीला झोपच नाही. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी, मध्ये पावसाळाभर हिरवी. वर्षाला दोनदा साठा रिकामा करणारी वेल ऐंशी वर्षं चालेल अशी अपेक्षाच करू नये.

दुसरं कारण बांधणी. गामेची पारंपरिक वेल तारेवर नसते. खोड गुडघ्याच्याही खाली, त्यावर पेल्यासारखे तीन ते पाच हात, प्रत्येक हातावर एक-दोन डोळ्यांचा खुंटारा, म्हणजे आखूड छाटलेली काडी. वेलीवर सगळे मिळून आठ-दहा डोळे. या पद्धतीला ‘गोब्ले’ म्हणतात, म्हणजे पेलाच. हेक्टरी दहा हजार वेली, एकरी चार हजार. आपल्या आठ बाय चार फुटांच्या लागवडीत एकरी साडेतेराशेच्या आसपास बसतात. आता हिशोब करा: हेक्टरी 50 हेक्टोलिटर (5,000 लिटर) वाइन निघाली तर वेलीमागे अर्धा लिटर. म्हणजे एका वेलीची एक बाटलीसुद्धा होत नाही. इतकं कमी ओझं असेल तर वेल का थकेल?

तिसरं, छाटणीची जखम. जुन्या वेलीला मारतं ते वय नव्हे, खोडातली बुरशी. एस्का आणि युटायपा हे तिकडचे मुख्य रोग. दोन्ही जाड कापातून आत शिरतात. म्हणून जाणता छाटणीवाला जुन्या हातावर मोठा काप घेत नाही, घ्यावाच लागला तर बुंध्याशी घासून न कापता बोटभर लाकूड ठेवतो, कारण सुकणं कापापासून आत जातं आणि ते त्या ठेवलेल्या लाकडात थांबतं. शिवाय सगळे काप हाताच्या एकाच बाजूला ठेवतो, दुसऱ्या बाजूने रस वाहता राहतो. हे आपल्या ओलांड्यालाही (तारेवरच्या आडव्या हाताला) तंतोतंत लागू आहे, आणि आपल्याकडे याकडे सर्रास दुर्लक्ष होतं.

मेलेल्या वेलीच्या जागी नवीन लावणं हे जुन्या बागेतलं सगळ्यात अवघड काम. शेजारच्या वेलींची मुळं सगळीकडे पसरलेली. फूटभर खड्डा करून रोप लावलं तर ते पहिल्याच उन्हाळ्यात उपाशी मरतं. दीड-दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा, आतली जुनी मुळं तोडून काढायची, शेणखत, आणि दोन-तीन उन्हाळे हाताने पाणी. एवढं करूनही काही रोपं जातातच. फिलॉक्सेरा हा मुळं खाणारा किडा येण्याआधी शेजारची काडी जमिनीत दाबून नवी वेल करत. आता कलमी खुंटाशिवाय चालत नाही, म्हणून तो सोपा मार्ग बंद झाला. हा किडा फ्रान्समध्ये 1860 च्या दशकात आला. शिरूब्लचे द्राक्षतज्ज्ञ व्हिक्तोर प्युलिया (1827–1896) यांनी अमेरिकन खुंटावर कलम करण्याचा सतत प्रचार केला. म्हणून बोजोलेच्या अगदी जुन्या बागाही बहुतेक त्या कलमांच्या काळानंतरच्या.

वयाने वाइन सुधारते का? थोडीफार. मुळं खोल गेलेली असल्याने कोरड्या वर्षी फळ सुकत नाही, पावसाळी वर्षी फुगत नाही, साल-दरसाल फरक कमी पडतो. शिवाय जुन्या बागा एकाच क्लोनच्या नाहीत, वेगवेगळ्या वेलींच्या काड्यांवरून वाढवलेल्या आहेत, त्यामुळे सगळे घड एकसारखे नसतात. पण विषाणू भरलेली जुनी वेल साखर भरत नाही, रंगही देत नाही. तिला केवळ वयासाठी सांभाळणं म्हणजे भावनेचा व्यवहार.

प्रश्न : बोजोलेतली नामांकित गावं किती? मुलँ-आ-व्हाँ हे गाव नकाशावर सापडत नाही. — एक वाचक, ठाणे

दहा: सँ-तामूर, ज्युलिएना, शेना, मुलँ-आ-व्हाँ, फ्लरी, शिरूब्ल, मॉरगाँ, रेन्ये, ब्रुयी, कोत द ब्रुयी. शेवटची भर रेन्येची, 1988 मध्ये. मुलँ-आ-व्हाँ नावाचं गावच नाही, म्हणून सापडत नाही. नाव एका जुन्या पवनचक्कीवरून पडलं. बागा रोमानेश-तोराँ आणि शेना या गावांत आहेत. दहाही ठिकाणी ग्रॅनाइटच आहे असं मात्र नाही. कोत द ब्रुयीचा दगड निळसर आणि कठीण, मॉरगाँच्या प्रसिद्ध टेकडीचाही वेगळा.

प्रश्न : आमच्या वाइनरीत 1000 लिटरच्या झाकणाच्या स्टील टाकीत अख्ख्या घडांचा प्रयोग करायचा आहे. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत काय, किती, कधी, ते सांगा. — एक तंत्रज्ञ, विंचूर

आधी आत काय घडतं ते पक्कं करून घ्या, मग आकडे लक्षात राहतील. टाकीत हवा नसेल आणि कार्बन डायऑक्साइड भरलेला असेल, तर न फुटलेला मणी यीस्टशिवाय, स्वतःच्याच विकरांनी (एन्झाइमांनी) आतल्या आत थोडी साखर आंबवतो. मद्यार्क दीड-दोन टक्क्यांपर्यंत गेला की पेशी मरतात आणि मणी मऊ पडतो. एवढ्या वेळात त्याने आपल्या मॅलिक आम्लाचा (द्राक्षातल्या दोन मुख्य आम्लांपैकी एक) पाव ते निम्मा भाग खाल्लेला असतो, सालीतला रंग गरात उतरलेला असतो आणि स्ट्रॉबेरी-रास्पबेरीच्या अंगाचे वास तयार झालेले असतात. त्याच वेळी टाकीच्या तळाशी वजनाने फुटलेल्या घडांचा रस यीस्टवर नेहमीसारखा आंबतो आणि वरच्यांना वायू पुरवतो. खाली एक, वर एक, अशा दोन क्रिया एकाच टाकीत चालतात. शुद्ध वायूखालची पद्धत 1934 पासून दक्षिण फ्रान्समधल्या नारबोनमध्ये संशोधक मिशेल फ्लांझी यांनी अभ्यासली, पण बोजोलेत टाकी स्वतःच स्वतःचा वायू करते.

तेव्हा मण्याची साल शाबूत राहणं हे पहिलं काम. घड हाताने तोडायचे, वीस किलोच्या क्रेटमध्ये, त्यावर क्रेट चढवताना फळ दबता कामा नये. कुजलेला, भुरीचा, फुटका घड बागेतच टाका. टाकीवर निवडायला गेलात की हाताळणीत आणखी मणी फुटतात. पंपाने तर मुळीच भरू नका. क्रेट उचलून तोंडाशी वाकवा. 1000 लिटरला अख्खे घड सहाशे किलोच्या आसपास बसतात, कारण मधल्या पोकळ्या भरत नाहीत. फळाची उंची दोन मीटरच्या आत ठेवा. उंच टाकीत खालचा थर चिरडतो आणि मग ही नेहमीची लाल वाइन होते, फक्त देठांसकट.

भरण्याआधी तळाशी दोन-तीन किलो कोरडा बर्फ. एक किलोतून सुमारे पाचशे लिटर वायू निघतो, तो पोकळ्यांतली हवा वर ढकलतो. बोजोलेत जुने लोक हे करत नाहीत, कारण त्यांचा तळचा रस दिवसभरात उसळायला लागतो. तुमच्या थंड खोलीत तो दोन दिवस झोपून राहिला तर वरच्या थराला हवा लागेल, आणि हवेबरोबर व्हिनेगरचे जिवाणू येतील. तेव्हा बर्फ घ्याच.

सल्फर : शंभर किलोला 8 ग्रॅम केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट), म्हणजे किलोला साधारण 40 मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड. पाण्यात विरघळवून थर लागतील तसा शिंपडत जा, एकदम वरून ओतू नका. यीस्टसाठी आदल्या दिवशी दहा-पंधरा किलो घड फोडून त्याचा रस जोरात उसळता करून ठेवा आणि टाकी भरायच्या आधी तो तळाशी सोडा. हे विरजण सगळ्यात स्वस्त विमा आहे.

तापमान ही पुढची गोष्ट, आणि इथेच बहुतेक प्रयोग बिघडतात. मण्याच्या आतली क्रिया उष्णतेवर चालते. 30 अंशांना आठवडाभर पुरतो, 25 ला दहा दिवस, 15 ला तीन आठवडे. नाशिकला फेब्रुवारीत पहाटे तोडलेलं फळ बारा-चौदा अंशांचं असतं, दुपारी दोनचं तीसचं. कोणतं घ्यायचं ते आधी ठरवा, दोन्ही एका टाकीत मिसळू नका, नाहीतर खालचा थर पिकेल आणि वरचा कच्चा राहील. पहिल्या प्रयोगाला 24–26 अंश धरा. स्टीलच्या पत्र्याबाहेरून थंड पाणी फिरवलं तरी मधल्या घडांना ते पोचत नाही, कारण तिथे रस नाही, वायू आहे. म्हणून तापमान फळ भरतानाच ठरतं. नंतर दुरुस्त होत नाही.

रोज काय पाहायचं? खालच्या तोटीतून ग्लासभर रस काढा, घनता आणि वास. 22 ब्रिक्सचा (साधारण 22 टक्के साखरेचा) रस 1.092 च्या आसपास सुरू होतो. तळचा रस भराभर उतरेल, पण त्यावरून टाकी तयार झाली असं समजू नका. वरच्या मण्यांत साखर अजून आहे. चौथ्या दिवसापासून झाकण किंचित उघडून, आत न वाकता, लांब दांड्याच्या चिमट्याने मधल्या थरातला एक घड काढा. मणी बोटांत दाबा. गर हिरवा-पांढरा असेल तर थांबा. गर बीपर्यंत गुलाबी, चव किंचित फसफसणारी, जिभेवर चेरीच्या बाठ्यासारखा वास आला की प्रेसची तयारी. वरचा थर सुकत असेल तर दिवसातून एकदा तळचा रस दहा मिनिटं वरून हळू शिंपडा. त्याहून जास्त नको. मुलँ-आ-व्हाँसारखी दणकट वाइन हवी असेल तर घडांवर लाकडी जाळी अडकवून ते रसाखाली दाबून ठेवतात आणि पंधरा-वीस दिवस राहू देतात. तुम्ही आधी आठ दिवसांची करा.

रस उतरवून घेतला की उरलेले घड प्रेसमध्ये. इथे नेहमीचा नियम उलटा. एरवी प्रेसचा रस कडवट म्हणून वेगळा ठेवतो. इथे तोच चांगला, गोड, सुवासिक, कारण मण्याच्या आतली सगळी कमाई त्यात असते. तळचा रस त्यामानाने पातळ. दाब हळू चढवा, चोथा फार वेळा ढवळू नका, देठ चिरडले की कडवटपणा येतो. दोन्ही रस एकत्र केल्यावर घनता 1.010 ते 1.030 मध्ये कुठेतरी येईल. म्हणजे बरीच साखर शिल्लक आहे. ती 18–20 अंशांना तीन-चार दिवसांत संपली पाहिजे. लिटरला 2 ग्रॅमच्या खाली गेल्यावर, आणि कागदी क्रोमॅटोग्राफीत (आम्लं कागदावर वेगळी करून दाखवणाऱ्या चाचणीत) मॅलिकचा डाग नाहीसा झाल्यावर, गाळावरून काढा आणि लिटरला 30 मिलिग्रॅम सल्फर द्या. मग जुनं मोठं लाकडी पिंप किंवा सिमेंटची टाकी. नवं ओक वापरलं तर आठ दिवसांची सगळी मेहनत व्हॅनिलाखाली झाकली जाईल.

आम्ल टाकायचं असेल तर एक सापळा आहे. टाकी भरताना रस फक्त तळाशी असतो. सहाशे किलोच्या हिशोबाने सगळं टार्टरिक आम्ल तिथे ओतलंत तर त्या थोड्या रसात यीस्ट गुदमरेल आणि वरच्या घडांना थेंबही मिळणार नाही. एक चतुर्थांश तळाशी, उरलेलं प्रेसनंतर सामू मोजून.

प्रश्न : अशाच पद्धतीने शिराझ या काळ्या द्राक्षाची वाइन केली. नवव्या दिवशी प्रेस केली, आता नेलपॉलिशसारखा आणि आंबट दह्यासारखा वास येतो. साखर लिटरला 30 ग्रॅमवर अडकली, मॅलिक शून्य, सामू 3.85, उडनशील आम्लता (व्हिनेगरचं आम्ल) लिटरला 0.85 ग्रॅम. हवा लागली म्हणून व्हिनेगर झालं का? — एक वाचक, निफाड

हवा हे मुख्य कारण दिसत नाही. हवेने होणारं व्हिनेगर वरच्या थरातून सुरू होतं आणि साखर अडकलेली नसतानाही होतं. तुमची लक्षणं लॅक्टिक जिवाणूंची आहेत, ‘मॅलिक शून्य’ हाच पुरावा. क्रम असा झाला असणार: मण्यांनी मॅलिकचा मोठा भाग आधीच खाल्ला, त्यामुळे सामू चढला, देठांतल्या पोटॅशियमने तो आणखी वर गेला, कोमट टाकीत जिवाणूंनी उरलंसुरलं मॅलिक यीस्टच्या आधी संपवलं, आणि मग ते साखरेवर आले. मॅलिक खाताना ते फारसं नुकसान करत नाहीत. साखर खाताना लॅक्टिकबरोबर अ‍ॅसेटिक आम्लही करतात. बोजोलेतही उन्हाळी वर्षांचं हेच सगळ्यात जुनं दुखणं आहे. गामेचा रस 3.4 च्या आसपास असतो म्हणून तो बहुधा निभावतो. शिराझ नाशिकला 3.7 ला तोडली की डाव सुरुवातीलाच कठीण.

सल्फरने का भागलं नाही तेही पाहा. 3.4 सामूला मुक्त सल्फरपैकी सुमारे अडीच टक्के जिवाणू मारणाऱ्या रूपात असतं, 3.85 ला एक टक्क्याहून कमी. मात्रा तीच, ताकद अर्ध्याहून कमी.

आता करायचं ते आजच. तापमान 18 अंशांवर आणा, चोथ्याचा गाळ बसला असेल तर रस त्यावरून काढा. लायसोझाइम लिटरला 250 ते 500 मिलिग्रॅम. ते या जिवाणूंना मारतं आणि यीस्टला हात लावत नाही, त्यामुळे इथे सल्फरपेक्षा ते सरस. थोडा रंग उतरेल, चालेल. ते अंड्याच्या पांढऱ्यापासून काढतात, तेव्हा बाटलीवर शाकाहारी म्हणणार असाल तर आधी विचार करा. एक दिवसाने टार्टरिक घालून सामू 3.6 च्या खाली आणा. मग मद्यार्क सोसणाऱ्या जातीच्या यीस्टचं विरजण पाण्यात-रसात उठवा, त्यात वाइन थोडी थोडी मिसळत दोन दिवस सवय लावा, आणि ते मुख्य टाकीत 20–22 अंशांना. थेट पुडी फोडून टाकलेलं यीस्ट बारा टक्के मद्यार्कात उभं राहत नाही. साखर संपली की लगेच सल्फर.

0.85 कमी होणार नाही. युरोपात लाल वाइनला मर्यादा लिटरला 1.2 ग्रॅम आहे, तिच्या आत तुम्ही आहात, पण नाकाला कळेल. चांगल्या टाकीत दहा-पंधरा टक्के मिसळणं एवढाच मार्ग. आणि ती मिसळण्याआधी निर्जंतुक गाळणीतून काढा, नाहीतर पाहुणा दुसऱ्या घरात जाईल.

प्रश्न : लिऑनला शिकते. सप्टेंबरमध्ये फ्लरीजवळ तोडणीला जाणार आहे. काम कसं असतं? प्रेसजवळ गोड गुलाबी रस पाजतात म्हणे, तो काय? आणि तळघरात धोका असतो का? — एक वाचक, मूळ साताऱ्याच्या

काम कमरेचं. वेल गुडघ्याखाली, उतार तिरका, ओळीत अंतर मीटरभर. वाकून किंवा उकिडवं बसूनच तोडावं लागतं. उताराकडे तोंड करून वर चढत तोडा, खाली उतरत तोडलंत तर दुपारपर्यंत पाठ बोलू लागेल. सकाळी थंडी आणि दव, अकराला ऊन. अंगावर तीन थर असू द्या. कात्री वापरताना दुसरा हात घडाच्या खाली धरतात, बाजूला नाही. बहुतेक जखमा डाव्या हाताच्या तर्जनीला होतात.

गोड रस म्हणजे ‘पारादी’, स्वर्ग. वर सांगितलेला प्रेसचा रस तोच: अर्धा आंबलेला, फसफसता, साखरेमुळे मद्यार्क कळत नाही. दोन ग्लासनंतर उठताना कळतो.

धोका मात्र थट्टेवारी नेऊ नका. 200 ग्रॅम साखर असलेला एक लिटर रस पूर्ण आंबला की सुमारे 50 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. हजार लिटरचा पन्नास हजार लिटर. तो हवेपेक्षा जड, टाकीत, खड्ड्यात, तळघराच्या पायऱ्यांखाली साचतो. हवेत चार टक्के झाला की तातडीचा धोका, दहा टक्क्यांना माणूस काही मिनिटांत कोसळतो. मेणबत्ती विझली की निघायचं ही जुनी चाचणी पुरेशी नाही: ज्योत विझायच्या आत माणसाला बाधा झालेली असते. अख्ख्या घडांच्या टाकीत तर हा वायू मुद्दाम भरून ठेवलेला असतो, म्हणून चोथा काढायला आत उतरणं हे सगळ्यात घातक काम. पंखा लावून टाकी रिकामी झाली, मीटरने मोजलं, बाहेर दुसरा माणूस दोर धरून उभा आहे, तरच. आणि आत कोणी पडलेलं दिसलं तर मागोमाग उडी मारू नका. एकाला काढायला गेलेला दुसराही जातो, हे विहिरीतल्या गॅसवरून आपल्याकडे माहीत आहेच. हंगामी मजुराला हे काम सांगितलं तर सरळ नाही म्हणा.

प्रश्न : नोव्हेंबरमध्ये आणलेल्या बोजोले नूव्होला केळ्याच्या वेफर्सजवळ जाणारा वास होता. भेसळ का? — एक वाचक, पुणे

भेसळ नाही. तो आयसोअमाइल अ‍ॅसिटेट, केळ्यातही तोच असतो. काही निवडक यीस्ट तो भरपूर करतात, त्यांतलं 71बी हे नाव नूव्होशी जोडलं गेलं आहे. नूव्हो म्हणजे चार-पाच दिवसांच्या टाकीची, 1985 पासून नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येणारी वाइन. तिच्यावरून फ्लरी-मॉरगाँचा अंदाज बांधणं म्हणजे कैरीवरून हापूस ठरवणं. गावाचं नाव असलेली बाटली घ्या, फ्रीजमधून काढून वीस मिनिटांनी, चौदा अंशांच्या आसपास प्या.

प्रश्न : मॉरगाँचे काही लोक सल्फर अजिबात घालत नाहीत. मग तुम्ही 40 मिलिग्रॅम का सांगता? — एक वाचक, नाशिक

कारण ते लोक इतर दहा गोष्टी करतात. मार्सेल लापिएर (1950–2010) आणि त्यांचे सोबती ज्यांच्याकडून शिकले ते ज्यूल शोव्हे (1907–1989) वाइनचे व्यापारी होते आणि रसायनाचे अभ्यासकही. सूक्ष्मदर्शकाखाली यीस्ट पाहत. सल्फर नको म्हणायच्या आधी फळ निर्मळ, रस आम्ल, घड थंड, टाकी वायूने काठोकाठ, आणि रोज जिवाणूंवर नजर. यांपैकी एक सुटलं की निफाडच्या वाचकांचं पत्र पुन्हा येतं. तुमच्याकडे सूक्ष्मदर्शक नसेल तर केएमएस असू द्या.

प्रश्न : घरी काचेच्या बरणीत वीस किलो द्राक्षांची करून पाहिली तर? — एक वाचक, कोल्हापूर

महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली (1949) परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, घरापुरतं असलं तरी. शिवाय बरणीत ही पद्धत जमतही नाही. वीस किलोंचं वजन तळाचे घड फोडायला पुरत नाही, वायू तयार होत नाही, आणि पाचव्या दिवशी वरच्या घडांवर पांढरी बुरशी येते.

प्रश्न : जुन्या काळी बोजोलेत वेलींवर उकळतं पाणी ओतत, हे खरं का? — एक वाचक, अकलूज

खरं. पायराल नावाच्या पतंगाच्या अळ्या थंडीत सालीखाली दडून बसत आणि वसंतात कोवळी पानं खाऊन टाकत. रोमानेशचे बन्वा राक्ले (1780–1844) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यावर खोड वाफाळत्या पाण्याने भाजण्याचा उपाय काढला. घरातलं गरम सांडपाणी जिथे पडे तिथली वेल वाचलेली पाहून त्यांना हे सुचलं, असं सांगतात. वेल झोपलेली असतानाच हे चालतं. डोळे फुगू लागले की तेच पाणी त्यांना शिजवतं. आपल्याकडे वेल झोपतच नाही, त्यामुळे मिलीबगवर हा उपाय करायचा मोह झाला असेल तर आवरा. साल सोलून खोड घासणं हेच बरं.